मुसंडी

वर्गात शब्दांच्या कुळकथा सांगत बसण्याची मला खोड आहे, हे या सदराच्या वाचकांना एव्हाना ठाऊक झाले असेल. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी एका मुलाने निबंधात लिहिले होते, ‘आपल्या संघाने अंतिम फेरीत मुसंडी मारली.’ मी विचारले, ‘मुसंडी कोण मारतो रे?’ तो म्हणाला, ‘संघ मारतो, सर. शेअरबाजारही मारतो.’ वर्गात हशा पिकला. मग मी सांगितले की, ही मिजास मूळची डुकराची. डुक्करमुसंडी असा जोडशब्दच आपल्याकडे आहे. मान खाली घालायची, आजूबाजूला बघायचे नाही आणि नाकाच्या रेषेत जे येईल ते उडवीत जायचे, याचे नाव मुसंडी. ओघात आलेच म्हणून हेही सांगून टाकले, की नरकचतुर्दशीला ज्याच्या नावाने आपण पायाखाली कारीट फोडतो तो नरकासुर पुराणांच्या हिशेबाने वराह आणि भूमी यांचाच मुलगा. तास मजेत गेला. पुढे चारच दिवसांनी मी गावी गेलो आणि डुक्कर मला शब्दकोशाबाहेर भेटले.

आमचे गाव शिरूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, भीमेच्या काठी. नदी ओलांडली की दौंड तालुका. थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, गावची शेती पाहतो. अक्काला नदीपलीकडे दौंडच्या बाजूला दिलेली आहे. तिच्या घराचा दिवा रात्री आमच्या गच्चीवरून दिसतो. पण जायचे म्हटले की पारगावच्या पुलाचा वळसा पडतो. मी शिकलो म्हणून पुण्यात, आणि दादा थोरला म्हणून गावी. घरोघरी हीच वाटणी असते.

निघण्याच्या आदल्या रात्री दादाचा फोन आला. ‘येताना जुन्या साड्या घेऊन ये. मिळतील तेवढ्या.’ कशाला, ते सांगितले नाही. मीही विचारले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी सोसायटीत एक फेरी मारली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी चार नायलॉनच्या साड्या काढून दिल्या आणि मायेने विचारले, ‘गरजू बायकांना देणार का हो?’ तोवर वहिनींचा फोन येऊन उलगडा झाला होता. सौ. खरे बोलण्याच्या बाबतीत फार आडमुठी आहे. ती म्हणाली, ‘नाही हो. डुकरांना.’

शेताच्या चारी बाजूंनी खुंट्या रोवायच्या आणि त्यांना रंगीबेरंगी साड्यांची भिंत बांधायची. वाऱ्याने कापड हलते, माणसाचा वास येतो आणि डुक्कर बिचकते, अशी यातली कल्पना. आम्ही ती भिंत वसुबारसेच्या संध्याकाळी बांधली. मक्याला दाणे भरलेले होते. लांबून पाहिले तर कुणाच्या लग्नाचा मांडव वाटावा. दोन रात्री ठीक गेल्या. तिसऱ्या रात्री कळप आला. सकाळी जाऊन पाहतो तो मक्याचे ताट न् ताट आडवे झालेले. डुक्कर पीक खाते असे आपण म्हणतो, पण खाते त्याच्या कितीतरी पट ते नासते. एका बाजूने चावा घेतलेली कणसे पसरली होती, ताटांखालची जमीन नांगरल्यासारखी उकरली होती, आणि शेजारच्या उसाच्या कडेला कांड्या चघळून थुंकलेला चोथा पडला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची एक साडी पन्नास पावलांवर चिखलात सापडली. डुकरांनी तिच्यावर लोळण घेतलेली असावी.

‘रानडुकरे जंगल सोडून शेतात शिरली’ असे वर्तमानपत्रांत छापून येते. मला त्या वाक्याची गंमत वाटते. आमच्याकडे जंगल आहे कुठे? शिरूर काय, दौंड काय, दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. वनखात्याच्या दप्तरी जे वन आहे ते बहुतेक माळ, कुसळी गवत आणि बाभळी. जवळचे अभयारण्य म्हणजे सुप्याचे मयूरेश्वर. तेही पाच चौरस किलोमीटरांचे आणि चिंकारा हरणांसाठीचे. माझ्या लहानपणी वरच्या रानात बाजरी, हुलगा, मटकी आणि नशिबाने साथ दिली तर ज्वारी. रानडुक्कर तेव्हा आजोबांच्या गोष्टींत असायचे. मग चासकमानचा कालवा आला, घोड धरणाचे पाणी फिरले, नदीवर बंधारे बसले. पलीकडे दौंडला खडकवासल्याचा कालवा होताच. पाण्यामागून ऊस आला. आणि ऊस म्हणजे काय, याचा डुकराच्या बाजूने कधी कुणी विचार केला नाही. आडसाली लागण सोळा-अठरा महिने उभी असते. आत दिवसाही अंधार, पायाखाली ओल, बाहेरून कुणी डोकावत नाही. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. अंग थंड ठेवायला त्याला चिखल हवा. तो पाटाच्या पाण्याने आपोआप होतो. छप्पर, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर एकाच ठिकाणी! आम्हां पुणेकरांना एवढी सोय असलेली जागा भाड्याने मिळत नाही. म्हणजे डुकरे जंगलातून आलेली नाहीत. नसलेले जंगल आम्हीच लावले, त्याला पाणी दिले, आणि त्याची साखर तुम्हीआम्ही चहात घालतो.

दिवाळी हा यातला कठीण काळ. त्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात, तोडणीच्या टोळ्या बीड-अहिल्यानगरकडून येऊन कोप्या घालतात आणि ऊस एका टोकाने तुटू लागतो. एका शेताचे छप्पर गेले की कळप शेजारच्या शेतात. जसजसे फड रिकामे होतात तसतशी डुकरे उरलेल्या उसात दाटीने राहतात आणि रात्री मका, ज्वारी, भुईमूग जे जवळ असेल त्यावर पडतात. मादी चार महिन्यांच्या आतच विते, एका वेळी चार-सहा पिल्ले देते, आणि पिल्ली वर्ष-दीड वर्षात स्वतः वीण धरतात. माद्या-पिल्ले कळपाने हिंडतात. थोराड नर एकटा.

उपाय गावात सगळे करून झालेले होते. माळा घालून रात्रभर डबे बडवणे झाले. फटाके झाले; गावातला दिवाळीचा निम्मा दारूगोळा आताशा डुकरांवरच खर्ची पडतो. न्हाव्याच्या दुकानातले केस आणून बांधावर पसरले, म्हणजे हुंगताना ते नाकात जातात. ज्वारीभोवती करडईचे काटेरी ताटवे पेरण्याची आमच्या आजोबांची रीत पुन्हा काढली. प्रत्येक उपाय आठ दिवस चालतो. मग डुकराला कळते की, यात काही दम नाही. हे जनावर हुशार आहे. आपल्या भाषेत त्याला शिवीचेच स्थान मिळाले, हा भाषेचा अन्याय. आपल्याच पूर्वजांनी विष्णूच्या अवतारांत त्याला तिसरे स्थान दिले आणि विजयनगरच्या सोन्याच्या नाण्याला वराह म्हटले, हे शिवी देताना आठवत नाही.

आता त्या रात्रीची गोष्ट सांगतो.

त्या आठवड्यात थ्री-फेज लाइट रात्रीची होती. ज्यांनी शेती केलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे की, पंपाला वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने मिळते. रात्रीची पाळी असली की माणसाने रात्रीच दारे धरायची, म्हणजे अंधारात बांधाबांधाने फिरून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री अकराला माझा पुतण्या दारे धरायला निघाला. झोप येत नव्हती म्हणून मीही बरोबर गेलो. मक्याच्या कोपऱ्यावर मी बांध ओलांडायला पाय उचलला, तोच त्याने माझा दंड धरला. ‘काका, थांबा. तिकडं पाय टाकू नका.’

त्याने बॅटरीचा झोत खाली टाकला. जमिनीपासून वीतभर उंचीवर, बाभळीच्या खुंट्यांना गुंडाळलेली, गवतात जवळजवळ दिसेनाशी झालेली उघडी तार गेली होती. भावकीतल्या एका शेतकऱ्याची. मोटारीच्या पेटीतून सरळ वीज घेऊन त्याने ती शेताभोवती फिरवली होती.

‘आणि आपल्यात?’ मी विचारले. पोरगा काही बोलेना. मग म्हणाला, ‘कालच ओढलीय दादांनी. अजून लाइट सोडली नाही. आज दारं धरून झाली की सोडायचीय.’ आमच्याकडे मुलेही बापाला दादाच म्हणतात.

पलीकडे दोनशे पावलांवर तोडणीवाल्यांच्या कोप्या होत्या. चुलीतले निखारे दिसत होते. एक लहान मूल रडत होते आणि त्याची आई त्याला थोपटत काहीतरी पुटपुटत होती. पहाटे तांबडे फुटायच्या आत या बायका आणि पोरे याच बांधांवरून आडोशाला जातात.

घरी येऊन मी दादाला उठवले. ओट्यावर आम्हा भावांचे जे बोलणे झाले ते दिवाळीच्या अंकात छापण्याजोगे नाही. पण त्यातले एक वाक्य सांगतो. दादा म्हणाला, ‘तुझा पगार डुकरं खात नाहीत.’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. नुकसानभरपाईची सोय आहे. पण तिच्यासाठी मुदतीत अर्ज करायचा, पंचनाम्याला तीन खात्यांची माणसे एका वेळी बांधावर आणायची. ती येईपर्यंत डुकरे दुसऱ्यांदा येऊन उरलेले संपवून गेलेली असतात. पंचनामा कशाचा करायचा? त्याचा राग मला कळत होता.

‘आणि माणूस अडकला तर?’ मी म्हणालो.

‘गावात समद्यांना ठाऊक असतंय कुणाची तार कुठं हाय.’

‘कोपीतल्या पोरांना कोण सांगणार?’

दादा गप्प झाला. वहिनी इतका वेळ उंबऱ्याआड उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, ‘कोपीतली राहू द्या. माझं पोरगं रोज त्याच बांधानं जातंय.’ त्यांनी कोनाड्यातली बॅटरी घेतली, मुलाला हाक मारली, आणि मायलेकरांनी जाऊन तार गुंडाळून आणली. मी मराठीचा प्राध्यापक, शब्दांवर पोट भरणारा. इतक्या थोड्या शब्दांत काम झालेले मी फार वेळा पाहिलेले नाही. भावकीतल्या त्या गृहस्थाकडे दादा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गेला. त्याने आधी दाद दिली नाही. मग संध्याकाळी तार काढली. त्याच रात्री डुकरे आली आणि आमचा चार गुंठे मका घेऊन गेली, हेही नोंदवले पाहिजे.

पंपाच्या विजेची तार डुक्कर आणि माणूस यांत फरक करीत नाही. अशा तारांत अडकून माणसे गेल्याच्या बातम्या महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून दर हंगामात येतात, आणि कितीदा तरी गेलेला माणूस तार लावणाऱ्याच्या घरातलाच असतो. त्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. पण गुन्हा नंतर लागतो.

पुण्याला परतल्यावर मी कायदा वाचायला घेतला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुक्कर संरक्षित आहे. पूर्वी ते तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, दुसऱ्या अनुसूचीत आहे. पण याच कायद्याचे ११ वे कलम सांगते की, उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने ते मारता येते. महाराष्ट्राने २०१५ साली रोही आणि रानडुक्कर यांच्यापुरता हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. केरळने २०२२ मध्ये तो ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांना दिला. ६२ व्या कलमाने केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळापुरते उपद्रवी ठरवू शकते. बिहार आणि उत्तराखंड यांच्यासाठी २०१५-१६ मध्ये तसे झाले. हे सारे मी दादाला फोनवर वाचून दाखवले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, ‘बरं. आन् मारणार कोण? गावात परवान्याची बंदूक एक. ती निवडणूक आली की ठाण्यात जमा.’

दादाच्या या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला कळले की, शिकार आणि बंदोबस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या शिरूरला एके काळी इंग्रजांची मोठी छावणी होती. पूना हॉर्स हे घोडदळ तिथे दीर्घकाळ मुक्कामाला होते. घोड्यावर बसून भाल्याने रानडुक्कर मारणे हा त्या काळच्या साहेबांचा लाडका खेळ. पुढे बालवीर चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलने १८८९ साली त्यावर एक आख्खे पुस्तक लिहिले. या खेळाचा एक रिवाज असा, की मादीला भाला लावायचा नाही. लावतील कसे? पुढच्या वर्षी खेळायला डुकरे नकोत?

अमेरिकेची गोष्ट तर बोधप्रद आहे. तिथे मुळात डुक्करच नव्हते. स्पॅनिश सरदार दे सोतो १५३९ साली फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर पाळीव डुकरे होती. अशांची वंशावळ रानोमाळ झाली. पुढे शिकारीसाठी युरोपातून रानटी डुकरेही आणून सोडली. आज तिथे ती लाखांनी आहेत. टेक्सास राज्याने २०११ साली हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायला परवानगी दिली. तरी डुकरे आहेतच. तिथले जाणकार सांगतात की, संख्या नुसती जागच्या जागी ठेवायची तरी दर वर्षी शंभरातली सत्तरेक काढावी लागतात. शिकारी दोन मारतो. उरलेला कळप फुटून चार गावांत पसरतो आणि शहाणा होतो. म्हणून मिसूरी राज्याने २०१६ मध्ये आपल्या संरक्षित जमिनींवर डुकरांच्या शिकारीलाच बंदी घातली. तिथे आता मोठे कुंपणवजा पिंजरे लावतात, महिनाभर मका टाकून कळपाला सवय लावतात आणि सगळा कळप आत आल्यावरच दार पाडतात. आमचे डुक्कर इथलेच, परके नव्हे. त्याला निर्वंश करावे असे मी म्हणत नाही. पण ज्याला काढायचे ते कळपाने काढावे, शिकलेल्या माणसांनी काढावे, आणि ऊस तुटून लपायची जागा कमी झालेली असते तेव्हा काढावे, हे मला पटले. ‘बिबट्या आहे की, तो खाईल,’ असे काही शहरी मित्र सुचवतात. अकोले भागातल्या बिबट्यांच्या आहाराचा विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, त्यात सर्वांत मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा निघाला. आणि शिरूर तालुक्यात ज्यांची मुले बिबट्याने नेली, त्यांच्यासमोर हा सल्ला देऊन पाहावा.

गावाने पुढे जे केले त्याचे श्रेय माझ्या वाचनाला नाही. पुतण्याने फोनवर पाहून झटका मशीन शोधून काढले. नावावरून पंपाच्या तारेचे भावंड वाटते, पण जात वेगळी. बारा व्होल्टची बॅटरी, तिला सूर्यावर चालणारी पाटी. यंत्र दर सेकंदाला एकदा, डोळ्याचे पाते लवण्यापेक्षाही कमी वेळ, मोठ्या दाबाचा पण किरकोळ शक्तीचा ठोका तारेत सोडते. पंपाची वीज धरून ठेवते आणि मारते. हा ठोका फेकून देतो. पुतण्याने गवताची ओली काडी तारेला लावून दुसरे टोक माझ्या हातात दिले. मी जे उद्गार काढले ते मराठी भाषेचे असले तरी अभ्यासक्रमातले नव्हते.

एकट्याने लावून उपयोग नाही, हे दादाने ओळखले. डुक्कर मोकळ्या बाजूने येते. म्हणून माघात सहा खातेदारांनी मिळून एकच तार फिरवली. भावकीतल्या त्या गृहस्थाने मात्र ‘बघू’ म्हटले. पावसाळ्यात त्याच्या भुईमुगात कळप दोनदा बसला, आणि आषाढात सातवा खातेदार आला. तारेखालचे गवत मात्र सतत काढावे लागते. गवत टेकले की ठोका जमिनीत उतरतो. ते काम पाळीने वाटून घेतले आहे. पाळ्यांवरून भांडणे होतात, पण यंदा आमचा मका उभा आहे.

भाद्रपदात एका रात्री अक्काचा फोन आला.

‘तुमची डुकरं आमच्याकडं आलीत.’

‘आमची कशावरून?’

‘तिकडं तुमची तार लागली आन् इकडं माझी कडवळ गेली. नदी पोहून येतात. दाजींनी डोळ्यांनी बघितलीत, पिल्लांसकट.’

डुक्कर उत्तम पोहते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. आमच्या कुंपणाचा हिशेब करताना मात्र दोघाही भावांना भीमा आठवली नव्हती. अक्काच्या गावात सध्या कुणी तरी पंपाच्या तारेची भाषा बोलू लागले आहे, हेही तिने सांगितले. तेव्हा मात्र तिचा आवाज उतरला होता. मग म्हणाली, ‘हे बघ, भाऊबीजेला मला साडी आणू नका. झटका आणा. आणि साड्या आणायच्याच असल्या तर जुन्या आणा, वीस-पंचवीस.’

दादाला कळवले. तो म्हणाला, ‘मशीन निम्मं तू, निम्मं मी. खांब दाजींनी घालावेत. आन् त्यांच्या शेजाऱ्यांना आधी गोळा करा म्हणावं, नाहीतर डुकरं परत आमच्याकडंच यायची.’

सौ.ने सोसायटीत पुन्हा फेरी मारली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी या वेळी काही विचारले नाही. सहा साड्या दिल्या, आणि त्या सहाही इस्त्री करून.